जुन्या संगणकाला नवा वेग देणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह

घरातील सात-आठ वर्षांचा संगणक सुरू केला, की पडद्यावर चिन्हे उमटेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. फाइल उघडताना यंत्र घरघरत राहते आणि आता नवा संगणक घ्यावा, असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा हा निष्कर्ष घाईचा असतो. अशा संगणकाचा प्रोसेसर थकलेला नसतो. तो हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतो. ही प्रतीक्षा जवळजवळ संपविणारे साधन म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी.

हार्ड डिस्क हे मुळात यांत्रिक साधन आहे. तिच्यातील चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारा हेड हवी ती जागा गाठण्यासाठी त्यांच्यावरून पुढेमागे सरकतो. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्ध्या फेरीसाठीच सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात; हेड सरकण्याचा वेळ निराळा. त्यामुळे विखुरलेल्या फाइली वाचताना डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास वाचने करू शकते. संगणक सुरू होताना मात्र अशा हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीत माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये असते, हलणारा भाग एकही नसतो आणि एका वाचनाला मिलिसेकंदाचा अंशच पुरतो. खरा फरक पडतो तो येथे. मोठा चित्रपट एका जागेवरून दुसरीकडे नेताना तो तुलनेने कमी जाणवतो.

फ्लॅश मेमरीचे जनक जपानी अभियंते फुजिओ मासुओका. तोशिबा कंपनीत काम करताना त्यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. पुढे कॅमेऱ्याचे कार्ड आणि पेन ड्राइव्ह यांच्या रूपाने ती घरोघरी पोहोचली. संगणकाच्या मुख्य साठवणुकीसाठी मात्र बराच काळ परवडत नव्हती. इंटेलने २००८ मध्ये आणलेल्या ८० जीबीच्या ड्राइव्हची घाऊक किंमत ५९५ डॉलर होती. त्याआधी, २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये रेडीबूस्ट ही सोय आली. तीत पेन ड्राइव्हचा उपयोग हार्ड डिस्कवरील माहितीची तात्पुरती प्रत ठेवण्यासाठी होत असे. अर्धा जीबी रॅमच्या यंत्रांना तिचा थोडा आधार मिळाला. पेन ड्राइव्ह लावल्याने संगणक वेगवान होतो, हा समज तेव्हापासूनचा. पुरेशी रॅम असलेल्या संगणकाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

जुन्या संगणकात बहुधा साटा जोडणी असते. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क काढून त्याच आकाराची साटा एसएसडी बसविता येते. तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास असतो. नव्या यंत्रांतील एनव्हीएमई ड्राइव्ह याच्या कितीतरी पट वेगवान असतात, परंतु हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो बदल जाणवतो, तेवढा त्यापुढच्या पायरीवर सहसा जाणवत नाही. रॅम दोन जीबीच असेल, तर एसएसडी बसवूनही ब्राउझर अडखळतच राहील. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले; ही अडचणही ड्राइव्ह बदलून सुटत नाही.

फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येतो, म्हणून एसएसडी लवकर झिजते अशी भीती घातली जाते. घरगुती वापरात ती फारशी खरी नाही. सॅमसंगच्या ८७० इव्हो मालिकेतील ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ३०० टीबी लेखनाची हमी आहे. रोज २० जीबी लिहिले, तरी तो आकडा गाठण्यास चाळीस वर्षे लागतील. डीफ्रॅगमेंट मात्र एसएसडीवर करू नये. त्याने लाभ होत नाही, नाहक लेखन तेवढे वाढते.

चिंतेची बाब वेगळीच आहे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा टकटक आवाज करते किंवा मंदावते. एसएसडी मात्र कोणतीही सूचना न देता एकाएकी संगणकाला दिसेनाशी होऊ शकते. चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही येथे क्षीण असते, कारण ट्रिम आज्ञेमुळे मोकळे झालेले कप्पे ड्राइव्ह स्वतःच रिकामे करते. शिवाय विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतील माहिती कालांतराने विरते. घरगुती ड्राइव्हची लेखनमर्यादा संपल्यानंतर ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकावी, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक टिकते. तरीही लग्नाची छायाचित्रे तिच्यावर ठेवून ती कपाटात बंद करणे योग्य नव्हे.

म्हणूनच काढलेली जुनी डिस्क भंगारात देण्याची घाई नसावी. यूएसबी जोडणीच्या स्वस्त डबीत बसविली, की छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची दुसरी प्रत ठेवण्यास ती कामी येते. ती आधीच टकटक आवाज करत असेल, तर प्रथम तिच्यावरील महत्त्वाच्या फाइली अन्यत्र उतरवून घ्याव्यात आणि मगच पुढील कामास हात घालावा. एरवी, नव्या ड्राइव्हवर संगणक काही आठवडे सुरळीत चालेपर्यंत जुन्या डिस्कवरील काहीही पुसू नये.