हेडफोन बर्न-इन

हेडफोन बर्न-इन (अन्य नाव: ब्रेक-इन) म्हणजे नवा हेडफोन किंवा इअरफोन ठरावीक तास सतत वाजवून तो 'रुळवण्याची' प्रक्रिया. असे केल्यावर हेडफोनचा ध्वनी अधिक चांगला होतो, अशी समजूत ध्वनिरसिकांमध्ये प्रचलित आहे. कमी किमतीच्या हेडफोनच्या बाबतीत ही समजूत विशेष महत्त्वाची ठरते, कारण पहिल्या दिवशी नापसंत ठरलेला हेडफोन परत करावा की तो रुळण्याची वाट पाहावी, हा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. हेडफोनच्या कंप पावणाऱ्या पडद्यात वापराने काही भौतिक बदल होणे शक्य आहे. मात्र मोजमापांत आढळणारे असे बदल सामान्यतः अत्यल्प असतात. श्रोत्याला जाणवणाऱ्या फरकाचा मोठा भाग कानगाद्यांची झीज, हेडफोन डोक्यावर बसण्याची पद्धत आणि श्रवणसंस्थेची सवय यांतून स्पष्ट करता येतो.

संज्ञा

'बर्न-इन' हा शब्द इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातून आला आहे. तेथे नवे सुटे भाग वाढीव तापमानात व विद्युतदाबाखाली काही काळ चालवले जातात. त्यांतील सदोष भाग विक्रीपूर्वीच निकामी व्हावेत, हा त्यामागील हेतू असतो. चांगल्या भागांची गुणवत्ता वाढवणे हा नसतो. 'ब्रेक-इन' हा शब्द यंत्रांच्या व पादत्राणांच्या संदर्भात वापरला जातो. नव्या वाहनाच्या इंजिनात पिस्टनच्या कड्या व सिलिंडर यांचे पृष्ठभाग सुरुवातीच्या वापरात एकमेकांशी जुळतात. या काळाला भारतात 'रनिंग-इन' म्हणतात. हेडफोनमध्ये असे एकमेकांवर घासणारे भाग नसतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यांबाबत 'बर्न-इन' हाच शब्द पडद्यावर कायमची उमटलेली प्रतिमा, म्हणजे बिघाड, या अर्थाने वापरला जातो.

दाव्याचे स्वरूप

बर्न-इनसाठी सुचवला जाणारा अवधी सुमारे २० तासांपासून २०० तासांपर्यंत असतो. त्याविषयी कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. त्यासाठी संगीत, कमी वारंवारतेकडून जास्त वारंवारतेकडे सरकत जाणारे स्वर किंवा पिंक नॉइज वापरला जातो. पिंक नॉइज हा प्रत्येक सप्तकात समान ऊर्जा असलेला रव असतो. बर्न-इननंतर खर्जातील स्वर अधिक खोल होतात, तीव्र स्वरांतील कर्कशपणा कमी होतो आणि ध्वनी अधिक मोकळा वाटतो, असे समर्थक सांगतात.

या दाव्यांत बदल जवळजवळ नेहमी सुधारणेच्या दिशेनेच होतो. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी लाउडस्पीकरच्या संदर्भात या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे. वापराने एखादा पदार्थ सैल होत असेल, तर त्याचा परिणाम काही उपकरणांत अनुकूल व काही उपकरणांत प्रतिकूल व्हायला हवा. शिवाय हा बदल योग्य क्षणी का थांबावा, याचेही कारण देता यायला हवे.

हेडफोनची रचना

कमी किमतीच्या बहुतेक हेडफोनमध्ये डायनॅमिक प्रकारचा ड्रायव्हर असतो. त्यात स्थिर चुंबक, त्याच्या फटीत राहणारे बारीक तारेचे वेटोळे (व्हॉइस कॉइल) आणि वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा असे मुख्य भाग असतात. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह वाहू लागला की त्याच्यावर चुंबकीय बल कार्य करते, पडदा मागेपुढे हलतो आणि हवेत ध्वनिलहरी निर्माण होतात. डोक्यावर बसणाऱ्या हेडफोनमध्ये पडद्याचा व्यास साधारणतः ३० ते ५० मिलिमीटर असतो. कानात बसणाऱ्या इअरफोनमध्ये तो बराच लहान असतो. पडदा बहुधा पॉलिएस्टरच्या पातळ फितीसारख्या पापुद्र्याचा असतो आणि त्याच्या कडेला पाडलेल्या वळ्या त्याला हलण्यास वाव देतात.

काही इअरफोनमध्ये बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा ड्रायव्हर असतो. त्यात धातूची लहान पट्टी कंप पावते. त्यामुळे मऊ होणाऱ्या पडद्यावर आधारलेले स्पष्टीकरण या प्रकाराला जसेच्या तसे लागू पडत नाही.

लाउडस्पीकरमधील आधार

बर्न-इनच्या कल्पनेला लाउडस्पीकरच्या क्षेत्रात काही प्रमाणात तांत्रिक आधार आहे. मोठ्या वूफरमध्ये शंकू दोन आधारांवर तोललेला असतो. बाहेरच्या कडेला रबर, फोम किंवा कापडाचा कठडा असतो, तर आतल्या बाजूला राळ लावलेल्या कापडाची वळ्यावळ्यांची तबकडी असते. वूफर प्रथमच जोरात हलवल्यावर या आधारांचा ताठरपणा कमी होतो आणि त्याची अनुनाद वारंवारता खाली येते. रबरासारखे पदार्थ पहिल्या ताणानंतर काहीसे मऊ होतात. या गुणधर्माला मलिन्स परिणाम म्हणतात. हा बदल मुख्यतः सुरुवातीच्या थोड्या वापरातच होतो.

नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राशींच्या साहाय्याने हा बदल मोजता येतो. तथापि वूफर बंद खोक्यात बसवल्यावर शंकूला मागे खेचणाऱ्या बलाचा मोठा वाटा खोक्यातील हवेचा असतो. त्यामुळे आधार मऊ झाले तरी खोक्यासहित ऐकू येणाऱ्या ध्वनीत तुलनेने कमी फरक पडतो.

हेडफोनच्या पडद्याला सहसा असा वेगळा कापडी आधार नसतो. पडदा व वेटोळे यांचे वस्तुमान अगदी कमी असते आणि कानाजवळ पुरेसा मोठा आवाज निर्माण करण्यासाठी पडद्याला फारच थोडे हलावे लागते. म्हणून वूफरविषयीचे निष्कर्ष थेट हेडफोनला लावता येत नाहीत.

मोजमापे

हेडफोनचा वारंवारता प्रतिसाद मोजण्यासाठी कृत्रिम कान किंवा मायक्रोफोन बसवलेला कृत्रिम मानवी शिरोभाग वापरतात. बर्न-इन मोजताना हेडफोन या उपकरणावरून काढून पुन्हा बसवला, तर केवळ जागा बदलल्यानेही आलेखात फरक पडतो. हा फरक काही वारंवारतांना अनेक डेसिबेल इतका असू शकतो. त्यामुळे विश्वासार्ह प्रयोगात हेडफोन न हलवता, त्याच जागी ठेवून, ठरावीक तासांनी मोजमाप घ्यावे लागते.

अमेरिकी समीक्षक टिल हर्ट्सेन्स यांनी एकेजी कंपनीच्या क्यू७०१ या हेडफोनवर अशा प्रकारचे प्रयोग केले. त्यांना मोजमापांत लहान बदल आढळले. भरपूर वाजवलेला व नवा असे दोन हेडफोन न पाहता ऐकल्यावर त्यांतील फरकही त्यांनी ओळखला. मात्र या श्रवणचाचणीत दोन वेगवेगळे नग वापरलेले होते. एकाच प्रतिमानाच्या दोन नगांत, किंबहुना एकाच हेडफोनच्या डाव्या व उजव्या बाजूंतही, उत्पादनातील तफावतीमुळे फरक असतो. त्यामुळे 'जुना' व 'नवा' नग शेजारी ठेवून केलेली तुलना बर्न-इनचा निर्णायक पुरावा ठरत नाही.

कानगाद्या आणि बसणी

वापराने हेडफोनच्या ज्या भागात सर्वांत ठळक बदल होतो, तो भाग ड्रायव्हर नसून कानगाद्या हा होय. फोमच्या नव्या गाद्या ताठ असतात. शरीराची उष्णता, घाम व दाब यांमुळे त्या मऊ होतात आणि चेहऱ्याच्या आकाराशी जुळतात. डोक्यावरील पट्टीचा दाबही हळूहळू कमी होतो.

बंद प्रकारच्या हेडफोनमध्ये गादी व त्वचा यांच्यात फट राहिल्यास खर्जातील स्वर झपाट्याने क्षीण होतात. चष्म्याची काडी किंवा दाट केसही अशी फट निर्माण करण्यास पुरेसे असतात. गादी नीट बसू लागली की खर्ज वाढल्यासारखा वाटतो. गादी दबल्याने ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो व तीव्र स्वरांचा समतोलही बदलतो. इअरफोनच्या बाबतीत सिलिकॉनच्या टोप्यांचे माप आणि कानात त्या किती खोल जातात, याला असेच महत्त्व आहे. हे बदल खरे असतात. परंतु ते हेडफोन वापरल्यामुळे घडतात. टेबलावर ठेवून रात्रभर रव वाजवल्याने गाद्या मऊ होत नाहीत.

श्रोत्याची सवय

मानवी श्रवणसंस्था बदललेल्या ध्वनीशी जुळवून घेते. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींच्या बाह्यकर्णात साचे बसवून कानांचा आकार बदलला. सुरुवातीला ध्वनी वरून येतो की खालून, हे त्यांना ओळखता येईना; काही आठवड्यांत ही क्षमता बऱ्याच अंशी परत आली. साचे काढल्यावर मूळ कानांनी ऐकण्याची क्षमताही टिकून होती. या काळात ध्वनीचा स्रोत बदललेला नव्हता. बदलला होता तो मेंदूने लावलेला त्याचा अर्थ.

परिचयाने आवड वाढते, या निरीक्षणाला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांच्या १९६८ मधील संशोधनामुळे प्रसिद्धी मिळाली. त्याखेरीज अपेक्षेचाही परिणाम होतो. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, कोणता लाउडस्पीकर वाजत आहे हे दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण, तो न दिसता दिलेल्या गुणांपेक्षा वेगळे आढळले. शंभर तासांनंतर सुधारणा होईल, असे आधीच सांगितलेल्या श्रोत्याच्या निवाड्यावरही अशी अपेक्षा प्रभाव टाकू शकते.

चाचणीची पद्धत

दोन ध्वनींतील फरक खरोखर ऐकू येतो का, हे तपासण्यासाठी दुहेरी अंध चाचणी वापरली जाते. तिच्यात कोणता नमुना वाजत आहे, हे श्रोत्याला व चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. एबीएक्स या प्रकारात 'ए' आणि 'बी' हे ज्ञात नमुने ऐकवून 'एक्स' हा त्यांपैकी कोणता, ते ओळखण्यास सांगतात. केवळ अंदाजाने उत्तरे दिली, तर १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. नमुन्यांची ध्वनिपातळी काटेकोरपणे समान ठेवणे आवश्यक असते, कारण किंचित मोठा आवाज बहुधा 'अधिक चांगला' भासतो.

बर्न-इनच्या बाबतीत ही चाचणी घेणे अवघड आहे. एकच हेडफोन एकाच वेळी नवा व जुना असू शकत नाही; शिवाय गाद्यांचा त्वचेला होणारा स्पर्शच कोणता नग डोक्यावर आहे, हे सुचवू शकतो. श्रोत्याने महिन्यापूर्वी ऐकलेला ध्वनी आठवून केलेली तुलना यासाठी पुरेशी नसते, कारण ध्वनीच्या सूक्ष्म गुणांची स्मृती अल्पकाळ टिकते.

ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्व

दररोज २ तास या प्रमाणात १०० तास पूर्ण होण्यास ५० दिवस लागतात. विक्रेत्यांनी दिलेली परतीची मुदत सहसा याहून बरीच कमी असते. त्यामुळे 'आवाज नंतर सुधारेल' हा सल्ला पाळणाऱ्या ग्राहकाची नापसंत वस्तू परत करण्याची संधी निघून जाऊ शकते. एका बाजूने आवाज न येणे, घरघर ऐकू येणे किंवा दोन्ही बाजूंच्या आवाजात ठळक तफावत असणे हे दोष बर्न-इनने दूर होत नाहीत. खर्ज कमी वाटल्यास प्रथम गाद्यांची बसणी किंवा टोप्यांचे माप तपासणे उपयुक्त ठरते. स्वरांचा समतोल इक्वलायझरच्या साहाय्यानेही बदलता येतो.

अधिक किंमत हीदेखील चांगल्या ध्वनीची हमी नसते. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २८३ हेडफोनांच्या अभ्यासात वारंवारता प्रतिसाद व किरकोळ किंमत यांच्यात सहसंबंध आढळला नाही.

श्रवणसुरक्षा

मध्यम आवाजात बर्न-इन केल्याने हेडफोनला सहसा अपाय होत नाही. मात्र क्षमतेपेक्षा मोठ्या आवाजात तासन्‌तास वाजवल्यास वेटोळे तापून ड्रायव्हर निकामी होऊ शकतो. हेडफोन कानावर ठेवून मोठ्या आवाजात तो 'मोकळा' करण्याचा प्रयत्न श्रवणशक्तीला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल पातळीवर ४० तास ही ऐकण्याची मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित अवधी निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबेलला २० तास, तर ८६ डेसिबेलला १० तास. मोठ्या आवाजानंतर कानांची संवेदनक्षमता तात्पुरती कमी होते. अशा वेळी तीव्र स्वर सौम्य वाटले, तरी तो हेडफोन सुधारल्याचा पुरावा नसून कान थकल्याचे लक्षण असू शकते.