चाचणीची आठवण आणि कोरी पेटी

निवडणुकीच्या दिवशी पहाटे प्रत्येक मतदान केंद्रावर एक असे मतदान होते की ज्यात एकही खरा मतदार नसतो. मतदानाच्या वेळेआधी नव्वद मिनिटे केंद्राध्यक्ष यंत्र मांडतो, उमेदवारांचे प्रतिनिधी भोवती बसतात, आणि निदान ५० मते सर्व उमेदवारांमध्ये वाटून नोंदवली जातात. मग ती मोजतात, छापील चिठ्ठ्यांशी ताडून पाहतात, आणि पुसून टाकतात. सरकारी भाषेत याला ‘अभिरूप मतदान’ म्हणतात. वर्तमानपत्रांत याची बातमी क्वचितच येते. ते ज्या दिवशी चुकते त्या दिवशी मात्र येते.

श्रोतेहो, आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत तो या एका प्रश्नाचा आहे. यंत्राची परीक्षा घेताना त्याच्या पोटात जी आठवण साठते तिचे पुढे करावयाचे काय? ती ठेवावी की पुसावी? ठेवली तर कोठे ठेवावी, आणि पुसली तर कोणासमोर पुसावी? प्रश्न कारागिराच्या कामाचा दिसतो. पण आपण धानाचा काटा लावण्यापूर्वी तो शून्यावर आहे ना हे पाहतो, तेव्हा हाच प्रश्न विचारीत असतो. मागल्या पोत्याचे वजन पुढल्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्नाचा उगम यंत्राच्याही आधीचा आहे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदार कसलीही खूण न करता आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार झाल्या. १९५४ साली भंडाऱ्यास लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रदेश राज्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, आणि ते पराभूत झाले. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा घडविला त्यांच्याही मतांचा हिशेब पोलादी पेटीतच झाला. त्या पेटीचा एक साधा नियम होता: मतदानापूर्वी ती उघडून हजर असलेल्यांस रिकामी दाखवावी आणि मग मोहोरबंद करावी. डोळ्यांना दिसत होते, म्हणून मनाला पटत होते.

पुढे पेटीच्या जागी यंत्र आले. १९७७ साली निवडणूक आयोगाने ही कल्पना मांडली, १९७९ मध्ये हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने नमुना तयार केला, आणि १९ मे १९८२ रोजी केरळातील परूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर यंत्राने पहिल्यांदा मतदान झाले. कायद्यात यंत्राची तरतूद नाही, या कारणाने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरविले. डिसेंबर १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली, आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व ५४३ जागांचे मतदान यंत्रावर झाले.

या यंत्राची आठवण विजेवर अवलंबून नसते. विद्युत घट काढून घेतला तरी नोंदलेली मते वर्षानुवर्षे तशीच राहतात. हा त्याचा मोठा गुण. पण चाचणीची मतेही तितक्याच इमानाने राहतात, हीच त्याची अडचण. पेटी उपडी करून झटकता येते. यंत्र झटकता येत नाही. म्हणून अभिरूप मतदानानंतर तीन कळा ठरल्या क्रमाने दाबावयाच्या असतात: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. मतदान बंद करा, निकाल पाहा, मग पुसा. पुसल्यावर एकूण मते शून्य असल्याचे प्रतिनिधींस दाखवावयाचे, चाचणीच्या छापील चिठ्ठ्या बाहेर काढावयाच्या, त्यांच्या पाठीवर चाचणीचा शिक्का मारावयाचा, आणि त्या जाड काळ्या लिफाफ्यात घालून मोहोरबंद करावयाच्या. या दोन कृती विरुद्ध दिसतात. यंत्रातील आठवण पुसली जाते आणि कागदावरील आठवण जपली जाते. आमच्या मते या व्यवस्थेचे सारे शहाणपण या जोडीत आहे.

हे शहाणपण आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी विडी कामगारांच्या एका संघटनेची निवडणूक आमच्या देखरेखीखाली झाली. पुष्कळ बायांनी कागदावर शिक्का मारण्याचा प्रसंग कधी पाहिला नव्हता. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही तालीम घेतली. कागद तेच, शिक्का तोच, पेटीही तीच. तालीम उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी मोजणीला बसलो तेव्हा यादीवर सह्या व अंगठे २१२ आणि पेटीत चिठ्ठ्या २१९! अध्यक्षपदाचा फरक चार मतांचा. तालमीच्या सात चिठ्ठ्या तळाशी चिकटून राहिल्या होत्या, आणि त्यांच्यावर वेगळी खूण नसल्यामुळे त्या कोणत्या हे सांगता येईना. निकाल रद्द करावा लागला. मजुरीच्या बोलणीचे दिवस होते. निवडून आलेले प्रतिनिधीच नाहीत, असे म्हणून समोरच्या पक्षाने महिनाभर दार लावून घेतले. एक वृद्ध बाई आम्हांस एवढेच म्हणाल्या, “भाऊ, पेटी आमच्या डोळ्यांदेखत झटकली असती तं एवढं रामायण झालं नसतं.” चूक सर्वस्वी आमची होती. आम्ही पेटी झटकली नाही आणि चिठ्ठ्यांवर खूणही केली नाही. म्हणजे पुसण्याचे काम राहिले आणि जपण्याचेही राहिले.

आता आपल्याच मतदारसंघाचे उदाहरण घेऊ. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली. कागदी चिठ्ठी छापणारी यंत्रे अनेक केंद्रांवर बंद पडली, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. कोणी मे महिन्याच्या उन्हाकडे बोट दाखविले, कोणी केंद्रातील प्रखर उजेडाकडे. हा बिघाड छापण्याच्या यंत्राचा होता, मतांच्या आठवणीचा नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि त्यातून आपला प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. फेरमतदान म्हणजे त्या केंद्रावरील आधीच्या नोंदी रद्द करून पुन्हा शून्यापासून आरंभ. यंत्र कोरे करता येते. परंतु मतदाराच्या तर्जनीवर दोन दिवसांपूर्वीची शाई असते, ती कशी पुसणार? यावर आयोगाचा नियम असा की फेरमतदानात शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावावी. जुनी खूण नष्ट करीत नाहीत आणि तिचा नव्या मतदानाला अडथळाही होऊ देत नाहीत. नव्या नोंदीला नवी जागा दिली की भागते.

ही अडचण एकट्या मतदानयंत्राची नाही. संगणक घडविणाऱ्यांपुढे ती पहिल्यापासून आहे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक पुरा झाला. त्याची आठवण फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली होती. अशा आठवणीचा स्वभाव विलक्षण असे. वीज गेली तरी ती टिके, पण वाचावयास गेले की पुसली जाई, आणि वाचल्याबरोबर ती पुन्हा लिहावी लागे. तपासणीनेच पुरावा नष्ट होऊ शकतो, हा धडा कारागिरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

आजच्या संगणकात, वीज सुरू होताच सर्वांत आधी जागा होणारा एक लहानसा कार्यक्रम असतो. तो बाकी साऱ्या यंत्रणेला उठवितो. त्यास बूटलोडर म्हणतात. गिरणीत भोंग्याआधी येऊन बॉयलर पेटविणारा गडी असे, तसे त्याचे काम. तो चुकला तर पुढले कोणीच कामाला लागत नाही; म्हणून त्याची परीक्षा फार काटेकोर लागते. ‘यू-बूट’ नावाचा बूटलोडर जगभर वापरला जातो. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी त्याचा पाया घातला. जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाणबुडी. दर वेळी खऱ्या यंत्रावर परीक्षा घेणे खर्चाचे आणि धोक्याचे; म्हणून २०११ साली सायमन ग्लास यांनी त्यात ‘सँडबॉक्स’ आणला. सँडबॉक्स म्हणजे मुलांच्या खेळण्याचा वाळूचा हौद. यात बूटलोडर साध्या संगणकावर एखाद्या सामान्य कार्यक्रमासारखा चालतो, आणि खऱ्या यंत्राचे सुटे भाग त्याच्यासमोर सोंग घेऊन उभे राहतात.

येथेही तोच पेच आला. काही दोष यंत्र पहिल्यांदा सुरू केले असता दिसत नाहीत. बंद करून दुसऱ्यांदा सुरू केले म्हणजे दिसतात. त्यासाठी आधीच्या खेपेची अवस्था जपलीच पाहिजे. उलट, मागील परीक्षेचे काही नकळत उरले, तर पुढील परीक्षा खोटीच उत्तीर्ण होते किंवा खोटीच अनुत्तीर्ण होते. कारागिरांनी काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. सँडबॉक्स आपणहून काही जपत नाही. ‘लिही’ अशी स्पष्ट आज्ञा दिली तरच अखेरची अवस्था नाव दिलेल्या फायलीत उतरते, आणि ‘वाच’ अशी स्पष्ट आज्ञा दिली तरच पुढल्या खेपेस ती आत येते. वाचावयास सांगितलेली फाइल सापडली नाही तर काम तेथेच थांबते. नसल्यास चालेल, असे वेगळे सांगावे लागते. म्हणजे जपणे असो वा विसरणे असो, ते कोणाच्या तरी आज्ञेने आणि नोंदीने होते. आमच्या पेटीच्या तळाशी सात चिठ्ठ्या राहिल्या त्या कोणाच्याच आज्ञेने राहिल्या नव्हत्या.

हाच वाद अलीकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास, पाच टक्के यंत्रांतील पक्की कोरलेली आठवण अभियंत्यांकडून तपासून घेण्याचा अधिकार मिळाला. पुढे तक्रार अशी आली की तपासणीत पुन्हा अभिरूप मतदान होते आणि त्यासाठी मूळ नोंदी पुसल्या जातात. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने आयोगास सांगितले की तूर्त यंत्रातील माहिती पुसू नये आणि नव्याने भरूही नये. टिफ्रॅकच्या कड्यांचा धडा पासष्ट वर्षांनी न्यायालयात पुन्हा शिकावा लागला, असे आम्हांस वाटले.

कामगार चळवळीतला माणूस म्हणून एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. केंद्राध्यक्ष बहुधा शिक्षक किंवा कारकून असतो. आदल्या दिवशी साहित्य उचलून, बसमधून आडवळणाच्या गावी पोहोचून, शाळेच्या खोलीत कशीबशी रात्र काढून तो पहाटे यंत्रापुढे बसतो. एखाद्या वेळी तिसरी कळ दाबायची राहते. अशा यंत्रांसाठी आता नियम आहे. मोजणीत ती बाजूला ठेवतात, आणि विजयाचा फरक त्यांतील एकूण मतांहून कमी असेल तर कागदी चिठ्ठ्या मोजतात. नियम योग्य आहे. मात्र चुकलेल्या माणसाला निलंबित करून ही गोष्ट संपत नाही. थकलेल्या माणसाच्या आठवणीवर सारा भार टाकणारी व्यवस्था पुन्हा चुकणारच. तेथे दुसऱ्याचे डोळे हवेत, आणि ते डोळे पुरविण्याचे काम प्रतिनिधींचे, म्हणजे पर्यायाने आपले आहे. पहाटेच्या चहाला उठून गेलेला प्रतिनिधी परत येऊन कागदावर निमूट सही करतो, तेव्हा चुकीतला अर्धा वाटा त्याचा असतो.

आम्ही त्या फसलेल्या निवडणुकीनंतर तीन रिवाज पाडले. तालमीचे कागद निराळ्या रंगाचे असतात; पेटी भरसभेत उपडी केली जाते; आणि तालमीच्या चिठ्ठ्या मोजून, बांधून, संघटनेच्या कपाटात ठेवल्या जातात. नव्या पोरांना याचा कंटाळा येतो. झाल्या तालमीचे कागद कशाला सांभाळता, असे ते विचारतात. मग आम्ही कपाटातून ते जुने बाड काढतो आणि त्या सात चिठ्ठ्या त्यांना मोजावयास देतो. त्या आम्ही कधी ओळखू शकलो नाही. म्हणून २१९ च्या २१९ जपून ठेवल्या आहेत.