तालीम आणि तरबियत

उर्दूत 'तालीम' म्हटलं की पाठोपाठ 'तरबियत' येते. मराठीत आपण तिला संस्कार म्हणतो. नौपाड्यातल्या माझ्या वर्गात परिपाठानंतर नखं तपासताना मी एका मुलाला सगळ्यांसमोर बोलले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तेव्हा मला जुन्या ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघरमध्ये असलेलं बोर्डी आठवलं.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुलांना स्वच्छ करणं हेच तिथे पहिलं काम असे. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं यांत शिक्षिका स्वतः हात घालत. मग गाणी, गोष्टी, पानं-खडे मोजणं.

अशा शाळेत मूल स्वच्छतेबरोबर मायाही शिकतं. मी मात्र त्याला फक्त लाज शिकवली होती.

त्याच्या घरी जाऊन मी त्याला परत आणलं. नखं मीच कापली. आता माझ्या टेबलाच्या खणात नेलकटर आणि कंगवा कायम असतो.