काउंटरवरून दिसलेलं ऊन

संभाजीनगरहून बीडकडं निघालं की आडूळ मागं पडल्यावर पाचोड लागतं. तिथं रस्त्याला लागून माझं मेडिकलचं दुकान आहे. चौपदरीकरणाआधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना लिंब-चिंचेची जुनी झाडं होती आणि एस.टी.ची वाट बघणारी माणसं त्यांच्या बुडाशी बसायची. झाडं गेली. आता माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली दोन हात सावली असते, म्हणून माणसं तिथं येऊन उभी राहतात आणि उभी राहिली की बोलतात. त्यांचं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. आमच्या भागात उन्हाला जो भितो तो रंगासाठी भितो; ज्यानं जिवासाठी भ्यायला पाहिजे त्याला भ्यायची सवड नसते. हे आजकालचं नाही.

सावली पूर्वी मानपानात मोजली जायची. मराठी राज्यात बड्या सरदाराला पालखीबरोबर अब्दागिरीचा मान मिळे. लांब काठी, टोकाला पानाच्या आकाराचं जरीनं मढवलेलं कापड, आणि ती धरून चालणारा एक माणूस. धन्यावर ऊन येऊ द्यायचं नाही एवढीच त्याची चाकरी, आणि ती तो स्वतः उन्हात चालून करायचा. आता अब्दागिरी देवाच्या पालखीपुढं दिसते. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या जातीवरच्या पुस्तकात याच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट नोंदवून ठेवलीय. पेशवाईत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीच्या आत यायला बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्यांची सावली कुणाच्या तरी अंगावर जाईल. म्हणजे गावात यायचं तर ऊन डोक्यावर असतानाच यायचं.

आमच्या तालुक्याच्या गावाची, पैठणची, एक कथा यावर उतारा म्हणून सांगता येते. एकनाथ महाराज दुपारी गोदावरीवर निघालेत, वाळवंट तापलंय, आणि महारवाड्यातलं एक पोर आईच्या मागं धावताना चटके बसून वाळूत रडत पडलंय. नाथ त्याला कडेवर घेतात, पुसतात आणि घरी पोचवतात. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकली तेव्हा बुवा शिवाशिवीवर भर द्यायचे आणि ते बरोबरच होतं. मी मात्र आता त्या वाळूचा विचार करतो. नाथषष्ठी फाल्गुनात येते. तेव्हाच अनवाणी वारकऱ्यांना दुपारी चाल बदलून चालावं लागतं. वैशाखात त्या वाळूचं काय होत असेल?

इंग्रजांची तऱ्हा निराळी. गोऱ्या माणसाची कवटी हिंदुस्थानचं ऊन सोसू शकत नाही, अशी त्यांच्या डॉक्टरांचीच खात्री होती. त्यासाठी भेंडाची सोला हॅट आली, आणि काही साहेब तर पाठीच्या कण्यावर कापसाची गादी बांधून हिंडायचे. दुसऱ्या महायुद्धात शिपाई त्या टोपीशिवाय लढले, फारसं काही बिघडलं नाही, आणि मग टोपीच गेली.

गंमत अशी की इकडं टोपीचा थाट चालू असताना तिकडं युरोपात लोक कपडे काढून उन्हात पडायला लागले होते. सुरुवात चांगल्या कारणानं झाली. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी प्रकाशकिरणांनी कातडीच्या क्षयावर उपचार केले, त्याबद्दल त्यांना 1903 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या डोंगरात ऑग्युस्त रोलिए या डॉक्टरांनी क्षयाच्या रोग्यांना सज्ज्यांत उन्हाला झोपवायला सुरुवात केली. 1919 मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिवा वापरून गुण दाखवला. पुढं औषधाची फॅशन झाली. पूर्वी तिथंही रापलेला माणूस म्हणजे शेतमजूर असाच हिशेब होता. मजूर कारखान्यात शिरून फिकट झाला, तेव्हा रापलेली कातडी म्हणजे समुद्रावर लोळायला पैसा आणि वेळ असल्याची खूण ठरली. ऊन पुरेना म्हणून दिव्यांच्या पेट्या निघाल्या. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या पेट्या तंबाखूच्या पंक्तीला, नक्की कर्करोग करणाऱ्या गटात बसवल्या. तिशीच्या आत पेटीत झोपायला लागणाऱ्याला मेलानोमाचा धोका 75 टक्क्यांनी वाढतो, असं त्यांच्या अभ्यासात निघालं होतं. त्याच वर्षी ब्राझीलनं पेट्यांवर बंदी घातली आणि 2015 पासून ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत पैसे घेऊन पेटीत झोपवणं बंद झालं. आमच्या गावातले लोक गोव्याची ट्रीप करून आले की किनाऱ्यावर उन्हात पालथं पडलेल्या गोऱ्यांचं वर्णन हमखास करतात, आणि त्यातली कुणी तरी बाई विचारतेच, "त्यांना कामधंदा नाही का?" प्रश्न नेमका आहे. कामधंद्याचं ऊन त्यांच्या वाट्याला आलेलं नाही.

आपल्याकडं ऊन आवडीनं घ्यायची एक रीत होती, ती सकाळची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक विलायतेतही गेलं. घरोघर बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरतात, म्हातारी माणसं थंडीत ऊन खात ओट्यावर बसतात. ह्यात वाईट काही नाही. पण ड जीवनसत्त्वाच्या पुड्या माझ्या दुकानातून भरपूर जातात, म्हणून सांगून ठेवतो: ते जीवनसत्त्व करणारे किरण कोवळ्या उन्हात फार कमी असतात.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत जायला लागलो होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सरकारनं काम दिलं, सुकडी दिली, आणि त्याच कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मराठवाडा जगला तो त्यावर. सावली मात्र आम्ही आपापली करायची. चार लाकडं रोवून वर जुनं लुगडं टाकलं की खाली तान्ही पोरं झोपायची, बाया बाहेर. आईच्या हाताला कोपराच्या वर, पोलक्याची बाही संपते तिथं, रेघ ओढावी तशी हद्द पडली होती. वर गव्हाळ, खाली काळा. ती हद्द पुढं कधीच पुसली नाही. पन्नाशीतच तिच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढलं आणि मग मोतीबिंदू आला. नेत्रतज्ज्ञानं विचारलं होतं, उन्हात, धुळीत काम केलंय का? आई हसली होती.

केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी प्यायचं पाणी, मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असं लिहिलं गेलं. कामावर जाऊन बघा, मग बोलू.

बायांनी आपला उपाय आपणच काढला. कापूस वेचायला, खुरपायला निघालेली बाई आता लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला रुमाल गुंडाळते, मोजे मिळाले तर हातात चढवते. आईच्या काळी हे नव्हतं. बाईनं पुरुषाचा शर्ट घालणं म्हणजे चारचौघांत हसू झालं असतं. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत मराठवाड्यात उन्हावर निघालेला सगळ्यात चांगला उपाय तो शर्ट आहे. स्कूटीवरच्या पोरींचा सनकोट आणि डोळेच तेवढे दिसतील असा बांधलेला स्कार्फ त्याच घरातला. पोरी म्हणतात, टॅन होतं. शेतातली बाई म्हणते, भाजतं. शर्ट दोघींना सारखाच वाचवतो.

आता माझ्या धंद्याकडं येतो. गोरेपणाचा व्यापार जुना आहे. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 1919 साली अफगाण स्नो काढला. फेअर अँड लव्हली 1975 ची; 2020 मध्ये नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. ह्या क्रीमांनी पैसे जातात, मन खट्टू होतं, पण कातडी सहसा जळत नाही. खरी आग वेगळ्याच ट्यूबांनी लावलीय. त्यांत स्टेरॉइड असतं, काहींत सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी हे मिश्रण थोडे दिवस आणि नजरेखाली देतात. गावात ते 'उन्हानं काळं पडलेल्यावर' चालतं, वर्षानुवर्षं.

हे कसं घडतं ते रोज बघतो. एक पोर काउंटरवर येतं आणि खिशातून रिकामी ट्यूब काढतं. शेपटाकडून गुंडाळत आणून मानेपाशी चेपलेली, शेवटचा थेंब निघावा म्हणून पोट कात्रीनं कापलेलं, नावाचं अक्षर घासून गेलेलं. "मम्मीनं हीच सांगितली." चिठ्ठी विचारली की पोर गप्प. आठवड्याभरानं मम्मी स्वतः येते, तिच्या गालांवर लाली आहे, बारीक शिरा दिसतात, हनुवटीवर पुटकुळ्या आणि लव. "उन्हात गेलं की आग होते, आन् लावली की थंड वाटतं." ट्यूब लावल्यानंच कातडी पातळ झालीय आणि म्हणून ऊन सोसेनासं झालंय, हे तिला पटवायला मला औषध विकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी नाही दिली तर पलीकडं मिळते, हेही खरं. 2018 साली केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा ट्यूबवर छापलेला असतो, वाचणारे कमी.

घरगुती उपायही सगळे बिनधोक नाहीत. डाळीचं पीठ, साय, हळद लावा, कुणाचं काही जात नाही. पण लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीत आणि रसात असं द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागं काळे डाग राहतात; काळेपणा घालवायला निघालेली पोरगी डाग घेऊन बसते. त्याच जातीचं द्रव्य बावचीत आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसायचं, ही आपल्या वैद्यांची फार जुनी रीत. 1974 मध्ये अमेरिकेत त्याच तत्त्वावर गोळी आणि दिवा असा सोरायसिसचा उपचार निघाला, आणि पुढं त्याच उपचारानं कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही सिद्ध झालं. बावचीचं तेल मनानं मागणाऱ्याला मी हे ऐकवतो. काहीजण रागावून जातात.

सावळ्या कातडीला कर्करोग कमी होतो, हे खरं आहे. ते आपल्या रंगाचं देणं आहे आणि त्याच रंगावर आपण ब्लिचिंग ओततो. पण काळा रंग उष्माघात थांबवत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कार घेणाऱ्यांचे अनुयायी, उघड्या मैदानात बसले होते. पारा 38 च्या आसपास होता, आमच्याकडं मे महिन्यात 42 वर जातो. तिथं 14 माणसं गेली. कसलीही दंगल नाही, पूर नाही, नुसतं बसून राहणं.

आमच्याकडं मोसंबीच्या बागेची देखभाल बघितली की मला चीड येते. बागवान किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि दहा लिटर पाणी घेऊन बोर्डो पेस्ट कालवतो, ब्रश घेऊन एकेका खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत लावतो. डिंक्या होऊ नये आणि खोडाला ऊन लागू नये म्हणून. उन्हानं डाग पडलेलं फळ पाचोडच्या बाजारात निवडून बाजूला पडतं आणि भाव उतरतो, त्यामुळं फळाचीही काळजी असते. त्याच बागेत दुपारी दोनला तोडणी करणाऱ्या गड्याला कुणी सांगत नाही की चारपर्यंत बस. खिशात कांदा ठेव म्हणतात. कांद्यानं काही होत नाही. पाणी, मीठ-साखर, डोक्यावर ओला रुमाल आणि बारा ते चार काम बंद, एवढ्यानं होतं. माणूस बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर ओला करा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या; शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आणि जिनं महिनोन् महिने ती स्टेरॉइडची ट्यूब लावलीय तिनं हे वाचून एकदम फेकून देऊ नये. एकदम बंद केली तर चेहरा भडकतो. संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाचा विभाग आहे, तिथं जा आणि जाताना ट्यूब बरोबर घ्या, रिकामी असली तरी चालेल. नाव वाचता आलं नाही तर आधी माझ्याकडं या, मी कागदावर लिहून देतो.