शिलालेखातील घोडेस्वार आणि कुरवंजीची भ्रमंती

मध्ययुगीन युरोपातील वीरकथांचा अभ्यास करू लागले की तीन सूत्रे सतत हाती येतात : घोड्यावरचा योद्धा, त्याने पत्करलेला शोध आणि दरबारी संकेतांनी बांधलेले प्रेम. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील त्रुबादूर कवींनी या प्रेमाची परिभाषा घडविली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियँ द त्र्वा याने लान्सलॉट आणि पर्सिव्हल यांच्या कथांत ती योद्ध्याच्या भटकंतीशी जोडली. ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञा मात्र अभ्यासकांत रूढ झाली ती गास्ताँ पारिस या फ्रेंच पंडितामुळे, १८८३ साली. आर्थर राजाच्या कथांचे प्रसिद्ध इंग्रजी संकलन टॉमस मॅलरीने १४७० च्या सुमारास बंदिवासात पुरे केले, आणि १४८५ साली ते छापून निघाले तेव्हा रणांगणावर तोफा येऊन चुकल्या होत्या. यावरून एक गोष्ट ध्यानात येते : वीरांचा काळ आणि वीरकथांचा काळ एकच असतो असे नाही. पुष्कळदा तलवार म्यान झाल्यावरच तिची कथा लिहिली जाते.

या विधानाची कसोटी मराठी इतिहासात पाहावयाची असेल, तर तंजावरसारखे दुसरे स्थळ नाही. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तेथे सत्ता स्थापन केली, ती घोडदळाच्या बळावर. त्यांचे पुत्र शहाजी यांच्या कारकिर्दीत (१६८४–१७१२) दरबारात संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी या भाषा एकत्र नांदू लागल्या आणि मराठीत नाटके रचली गेली. पुढे १७९९ च्या तहाने सारेच पालटले. नुकतेच गादीवर आलेले दुसरे सरफोजी यांच्याकडे तंजावरचा किल्ला, त्याचा परिसर आणि ठराविक नेमणूक एवढेच उरले. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजा होता, दरबार होता, ग्रंथ होते. मोहीम मात्र उरली नव्हती.

तहानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८०३ साली, बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. ‘भोसलेवंशचरित्र’ या नावाने ओळखला जाणारा हा लेख भारतातील अतिशय दीर्घ शिलालेखांपैकी एक आहे. चिटणीस बाबूराव यांनी तो सरफोजींच्या आज्ञेवरून सिद्ध केला. लढाया, स्वाऱ्या, पूर्वजांचे पराक्रम, वारसांची परंपरा असे बखरीचे सारे द्रव्य त्यात आहे. फरक इतकाच की बखर कागदावर असते. ही दगडावर आहे. राज्य हाती असताना पूर्वजांना बखर पुरेशी वाटली. सरफोजींना दगडाची गरज का भासली असावी, याचे उत्तर १७९९ या सालात शोधले पाहिजे, असे मला वाटते. ज्या घोडेस्वारांना भूमीवर स्थान उरले नव्हते, त्यांना चोळांनी उभारलेल्या भिंतीवर स्थान मिळाले.

याच प्रदेशात वीरकथा दुसऱ्या मार्गानेही टिकली. शिवाजी महाराजांनी १६७७ साली घेतलेला आणि राजाराम महाराजांना दीर्घ वेढ्यात आश्रय देणारा जिंजीचा किल्ला १६९८ साली मोगलांकडे गेला. त्याचा बुंदेला किल्लेदार सरूपसिंह याचा तरुण पुत्र तेजसिंह १७१४ साली अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला. तमिळ लोकगीतांनी त्याला ‘देसिंगुराजा’ केले. त्याचा निष्ठावंत घोडा, लग्नमंडपातून रणात धावून येणारा मित्र महाबतखान आणि सती जाणारी राणी यांची कथा गावोगाव गायिली गेली. उत्तरेकडून आलेला रजपूत, मुसलमान मित्र आणि तमिळ गायक अशी ही वीरकथा आहे. तिला राजाज्ञा लागली नाही की शिळा लागली नाही. शिलालेख वंशाचा अधिकार सांगतो, पोवाडा एका पराभूताचे मरण सांगतो. आणि लोकांच्या ओठांवर राहिले ते मरण.

प्रेमाचे सूत्र मात्र तंजावरात वेगळे वळण घेते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार अठराव्या शतकात भरास आला. त्यात नायकाची मिरवणूक निघते. ती पाहून नायिका विरहव्याकूळ होते. चंद्र आणि वारा तिला जाळतात. मग डोंगरातून कुरव जमातीची स्त्री येते, आपल्या पर्वताचे आणि फिरलेल्या मुलखांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहून मीलनाचे भविष्य सांगते आणि बिदागी घेते. शेवटी तिचा पारधी नवरा तिला शोधीत येतो. युरोपीय कथेत योद्धा झुरतो, योद्धा भटकतो आणि राणी दूर उभी असते. येथे राजकन्या झुरते, भटकते ती रानातली स्त्री, आणि नायक केवळ मिरवणुकीत दिसतो. कुट्रालमच्या प्रसिद्ध कुरवंजीत हा नायक साक्षात शिव आहे. शिवक्कोळुंदु देशिकर यांच्या ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’त देवाच्या जागी सरफोजीराजे आहेत, आणि तिचे प्रयोग बृहदीश्वराच्याच मंदिरात होत असत. हा नाट्यप्रकार राज्य गेल्यामुळे जन्मला नाही. तो आधीचाच आहे. पण ज्याच्याकडे मोहीम उरली नाही, मिरवणूक तेवढी उरली, अशा राजाला तो नेमका शोभला. एकाच देवालयाच्या भिंतीवर लढणारे पूर्वज आणि अंगणात केवळ पाहिला जाणारा वंशज, असे हे दृश्य आहे.

सरफोजी मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना या परंपरेतले सर्वांत धाडसी पाऊल होय. तिच्यात इंद्राणीपुढे येणारी कुरवंजी एखाद्या डोंगराचे वर्णन करून राहत नाही. ती गीतांमधून अवघ्या पृथ्वीचा भूगोल सांगते. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या सहवासात वाढलेल्या या राजाने शाळांतून नवी विद्या आणली होती, छापखाना घातला होता. तीच विद्या त्याने प्रेमनाट्यातील भटक्या स्त्रीच्या मुखी घातली. शोधाचे सूत्र अशा रीतीने योद्ध्याकडून कुरवंजीकडे आणि तिच्याकडून नकाशाकडे गेले. जो मुलूख जिंकता येत नव्हता, तो जाणता येत होता. १८२० साली राजे स्वतः काशीयात्रेस निघाले, तेव्हाही तलवारीची नव्हे, तीर्थाची आणि ग्रंथांची वाट त्यांनी धरली.

ही भरपाई पुरेशी होती काय? सत्तेच्या हिशेबात नव्हती. १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर कंपनीने उरलेले नावही पुसले. परंतु ज्ञानाच्या हिशेबात उत्तर निराळे येते. १९१८ साली सार्वजनिक झालेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावरच्या राजांनी जमविलेल्या पोथ्या आणि मोडी कागद आज अभ्यासकाला खुले आहेत. वीरकथेचा अभ्यास करणाऱ्याने त्यात केवळ लढायांचे तपशील शोधू नयेत. लढाई संपल्यावर समाज आपल्या शौर्याचे काय करतो, ते कोणाच्या हाती सोपवतो, हा प्रश्न घेऊन जावे. तंजावरने ते दगडाच्या, नर्तकीच्या आणि भूगोल सांगणाऱ्या एका भटक्या स्त्रीच्या हाती सोपविले.