ग्रहपृष्ठावरील वजन
ग्रहाच्या पृष्ठभागावरील वस्तू ज्या प्रेरणेने ग्रहाच्या केंद्राकडे ओढली जाते, ती प्रेरणा म्हणजे त्या वस्तूचे तेथील वजन होय. वस्तूचे द्रव्यमान (तिच्यातील द्रव्याचे परिमाण) सर्वत्र सारखेच राहते. वजन मात्र ठिकाणानुसार बदलते. अक्षीय भ्रमणाचा परिणाम वगळल्यास ते ग्रहाच्या द्रव्यमानाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. [→ गुरुत्वाकर्षण].

जड पदार्थ स्वभावतःच विश्वाच्या मध्याकडे जातात, असे ॲरिस्टॉटल यांचे मत होते. या मतानुसार जडपणा हा पदार्थाचा अंगभूत गुण ठरत असल्यामुळे दुसऱ्या ग्रहावरील वजन या कल्पनेला अर्थच नव्हता. पृथ्वीवरही वजन स्थिर नसते, याचा महत्त्वाचा पुरावा झां रीशे यांच्या निरीक्षणांतून मिळाला. १६७२ मध्ये ते विषुववृत्ताजवळील केयेन (फ्रेंच गियाना) येथे गेले, तेव्हा पॅरिस येथे बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सु. अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते बरोबर चालण्यासाठी लंबकाची लांबी सु. २.८ मिमी.ने कमी करावी लागली. याचा अर्थ तेथे गुरुत्व कमी होते. पृथ्वीचे अक्षीय भ्रमण आणि विषुववृत्ताजवळील फुगवटा ही याची कारणे असल्याचे आयझॅक न्यूटन यांनी प्रिन्सिपिया (१६८७) या ग्रंथात दाखविले.

याच ग्रंथात न्यूटन यांनी इतर खस्थ गोलांवरील वजनांची तुलना केली. उपग्रहाचे अंतर व प्रदक्षिणाकाल यांवरून ग्रहाची त्या अंतरावरील ओढ काढता येते. व्यस्त वर्ग नियमाने तीच ओढ ग्रहपृष्ठापाशी किती होईल, हेही ठरविता येते. गुरूसाठी सु. १६.७ दिवसांत प्रदक्षिणा करणारा त्याचा चौथा उपग्रह, शनीसाठी हायगेन्झ यांनी १६५५ मध्ये शोधलेला उपग्रह, पृथ्वीसाठी चंद्र आणि सूर्यासाठी शुक्र ग्रह त्यांनी उपयोगात आणला. ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत (१७२६) सूर्य, गुरू, शनी व पृथ्वी यांच्या पृष्ठांवरील वजनांचे प्रमाण १०,००० : ९४३ : ५२९ : ४३५ असे दिले आहे. म्हणजे पृथ्वीच्या तुलनेत गुरूवर वजन २.१७ पट व शनीवर १.२२ पट ठरते. आधुनिक मूल्ये अनुक्रमे सु. २.५३ व १.०७ आहेत. सूर्याचा पराशय (पृथ्वीच्या त्रिज्येने सूर्याच्या ठिकाणी केलेला कोन) न्यूटन यांनी सु. १०.५ सेकंद धरला होता; तो वस्तुतः सु. ८.८ सेकंद आहे. तरीही प्रचंड ग्रहावर वजन त्याच प्रमाणात प्रचंड नसते, हा मुख्य निष्कर्ष बरोबर ठरला.

विशेष म्हणजे त्या वेळी पृथ्वीचे प्रत्यक्ष द्रव्यमान कोणालाच माहीत नव्हते. तुलनेसाठी केवळ गुणोत्तरे पुरेशी होती. पेरूकडील फ्रेंच मोहिमेत (१७३५–४४) प्येअर बूगेर यांनी समुद्रसपाटीवर, कीटो येथे व पीचिंचा पर्वतावर लंबकाचे प्रयोग केले. उंचीनुसार गुरुत्व घटते. परंतु पायाखालच्या पठाराच्या ओढीमुळे ती घट काहीशी भरून निघते, असे त्यांना आढळले. पुढे १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोलांमधील आकर्षण मोजून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट ठरविली (आधुनिक मूल्य ५.५१). त्यावरून पृथ्वीचे आणि गुणोत्तरांच्या साहाय्याने इतर ग्रहांचे द्रव्यमान मिळाले.

भारतात १८६५ पासून जे. पी. बासेवी यांनी सर्वेक्षण खात्यातर्फे लंबकाने गुरुत्वमापन केले. लडाखमधील सु. ४,७०० मी. उंचीवरील मोरे येथे १८७१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेथे पर्वतराशीची अपेक्षित ओढ आढळली नाही. उंच पर्वतांखालील द्रव्य तुलनेने हलके असते, या कल्पनेला त्यामुळे बळकटी मिळाली.

मंगळाचे दोन उपग्रह एसफ हॉल यांनी १८७७ मध्ये शोधल्यावर त्या ग्रहाचे द्रव्यमान अचूकपणे काढता आले. बुध व शुक्र यांना उपग्रह नाहीत. त्यामुळे इतर खस्थ गोलांच्या गतीवरील त्यांच्या परिणामांवरच विसंबावे लागे. मरिनर–२ (१९६२) व मरिनर–१० (१९७४) या अवकाशयानांमुळे ही अडचण दूर झाली.

वजन हे घनता व त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असेही म्हणता येते. शनीचे द्रव्यमान पृथ्वीच्या ९५ पट आहे; परंतु त्याची त्रिज्या सु. ९.४ पट असून घनता पाण्याहूनही कमी आहे. म्हणून तेथील वजन पृथ्वीवरील वजनाहून फारसे वेगळे नाही. मंगळाचे द्रव्यमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तथापि बुध लहान व अधिक घन असल्याने दोन्ही ठिकाणी गुरुत्वीय प्रवेग सु. ३.७ मी./से.² इतकाच आहे. गुरू, शनी इ. वायुमय ग्रहांना घन पृष्ठभाग नसल्याने तेथे ठराविक दाबाची पातळी हेच पृष्ठ मानतात.

चंद्राचे द्रव्यमान पृथ्वीच्या १/८१ व त्रिज्या ०.२७ पट असल्याने तेथे वजन सु. एक षष्ठांश असावे, असे गणिताने ठरले होते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो–१७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेल्या गुरुत्वमापकाने तेथील प्रवेग सु. १.६२७ मी./से.² असल्याचे दाखविले. हे मूल्य त्या गणिताशी जुळणारे आहे.