मोटारीमागचा भोवरा आणि संगणकापुढचे कोडे

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीचे इंजिन आपली शक्ती कशावर खर्च करते? टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर या वेगाला चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीचा सुमारे दोन तृतीयांश वाटा केवळ हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ५० किलोमीटरला हवेपोटी एक किलोवॉट शक्ती लागत असेल, तर १०० किलोमीटरला आठ किलोवॉट. शहरातील कोंडीत याचा पत्ताही लागत नाही. कळंबोली मागे टाकून मोटार द्रुतगती मार्गाला लागली, की हिशेब बदलतो.

मोटारीचा आकार हवेला किती अडतो, हे वायुरोध गुणांकावरून कळते. जुन्या चौकोनी ठेवणीच्या मोटारींचा गुणांक ०.४ च्या पुढे असे. आजच्या मोटारींचा साधारण ०.२५ ते ०.३५ असतो. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये आणलेल्या ‘ईव्ही-१’ या विजेवरील मोटारीने तो ०.१९ पर्यंत खाली आणला होता. गुणांक ०.०१ ने कमी झाला, तरी महामार्गावर एक ते दोन टक्के इंधन वाचू शकते. त्यामुळे आरेखनकार तिसऱ्या दशांश स्थळासाठीही झगडतात. आणि नेमक्या याच ठिकाणी संगणकाचे गणित डळमळते.

वास्तविक हवेच्या प्रवाहाची समीकरणे नवी नाहीत. फ्रान्सच्या नाविए यांनी १८२२ मध्ये आणि ब्रिटनच्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती मांडली. मात्र त्यांची उकल सर्व परिस्थितींत सुरळीत राहते की नाही, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. क्ले गणित संस्थेने २००० साली त्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आहे. अभियंत्याची अडचण अधिक रोकडी आहे. मोटारीभोवतीचा प्रवाह प्रक्षुब्ध असतो. त्यात मोटारीएवढ्या भोवऱ्यापासून केसाहून बारीक भोवऱ्यापर्यंत सारे एकाच वेळी नांदत असतात. त्यातील प्रत्येक भोवरा हिशेबात धरायचा, तर भोवतालच्या अवकाशाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे करावे लागतील. कारखान्यातील रोजच्या कामात काही कोटी तुकड्यांवर भागवावे लागते.

म्हणून तडजोड केली जाते. भोवऱ्यांची क्षणाक्षणाची हालचाल सोडून देऊन त्यांचा सरासरी परिणाम तेवढा अंदाजाने धरायचा. सरासरीची ही कल्पना ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये मांडली होती. बॉनेट, पुढची काच, छप्पर येथे हवा पृष्ठभागाला बिलगून वाहते. तिथे ही युक्ती चांगली चालते. पण मोटारीचा बराचसा वायुरोध तयार होतो तो पाठीमागे. तिथे हवा पृष्ठभाग सोडते आणि कमी दाबाचा घोळ मागे ओढत नेते. प्रवाह नेमका कोठे सुटतो, हे चुकले की पुढचे सारेच चुकते.

याचे नामांकित उदाहरण म्हणजे ‘अहमद बॉडी’. जर्मनीतील एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एका साध्या ठोकळ्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. ठोकळ्याची लांबी १०४४ मिलिमीटर, पुढचे टोक गोलाकार, आणि मागची बाजू हॅचबॅकच्या काचेसारखी उतरती. चाके नाहीत, आरसे नाहीत. हा उतार वाढवत नेला, तसा दोन्ही कडांवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा जोर वाढला आणि ३० अंशांच्या सुमारास गुणांक ०.३८ च्या जवळ पोहोचला. उतार आणखी किंचित वाढवताच प्रवाह काचेपासून पूर्णपणे सुटला आणि गुणांक एकदम ०.२६ च्या आसपास उतरला. एखाद्या अंशाच्या फरकाने एवढी उलथापालथ! पुढे हा ठोकळा संगणकीय पद्धतींची कसोटीच ठरला. ३५ अंशांचे उत्तर बहुतेकांना जमते. २५ अंशांवर मात्र सरासरीच्या पद्धती वारंवार अडखळल्या. प्रयोगात हवा काचेवरून सुटते आणि पुन्हा येऊन बिलगते. गणितात ती अनेकदा परततच नाही.

खरी मोटार या ठोकळ्याहून कितीतरी गुंतागुंतीची. फिरती चाके आणि त्यांच्या कमानी मिळून एकूण रोधाचा सुमारे चतुर्थांश वाटा उचलतात. तळाखालचे पाइप, इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेली हवा, बाजूचा वारा, पुढच्या ट्रकने घुसळून ठेवलेली हवा या साऱ्यांचा हिशेब वेगळाच. पवनबोगद्यातही मोटारीखालची जमीन सरकत्या पट्ट्याची नसेल, तर मोजमाप फसते.

मोठे भोवरे प्रत्यक्ष गणितात धरायचे आणि लहानांचाच अंदाज बांधायचा, हा दुसरा मार्ग. तो अधिक विश्वासार्ह, पण खर्चिक. एकेका आकारासाठी शेकडो प्रोसेसर कित्येक तास, प्रसंगी दिवसही अडकून पडतात. आरेखनाच्या घाईत हे परवडत नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने ऑडी व बीएमडब्ल्यू यांच्यासह खऱ्या मोटारीशी मिळतीजुळती ‘ड्राइव्हएअर’ ही प्रमाण प्रतिकृती तयार केली आहे. २०२४ मध्ये तिच्या सुमारे ५०० रूपांवरील सविस्तर गणिते खुली करण्यात आली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी. असा शिकवलेला संगणक काही सेकंदांत उत्तर देतो. पण ज्या गणितावर तो शिकला, त्यातील चूकही तो तितक्याच इमानाने शिकतो.

ग्राहकाशी याचा संबंध थेट आहे. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या ‘डब्ल्यूएलटीपी’ चाचणीत वेगळी चाके किंवा जादा उपकरणे घेतली, की त्या मोटारीचा इंधनखप वेगळा दाखवावा लागतो. प्रत्येक रूप बोगद्यात नेणे अशक्य असल्याने दोन रूपांतील वायुरोधाचा फरक संगणकावर काढण्यास नियमांत मुभा आहे. मात्र त्या पद्धतीची उत्तरे आधी प्रत्यक्ष मोजमापाशी जुळवून दाखवावी लागतात.